एसएमएसचा ओटीपी, कोडचं अ‍ॅप की पासकी?

सोशल मीडियाच्या अकाउंटला पासवर्डशिवाय दुसरं कुलूप हवं, हे आता बहुतेकांना पटलंय. गाडी अडते ती ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’चं पान उघडल्यावर. दोन-तीन पर्याय दिसतात आणि सवयीनं बोट जातं एसएमएसवर.

एसएमएसचं सुख खरंच मोठं आहे. काही बसवायचं नाही, फोन बदलला तरी सिम तेच, कोड येत राहतो. पण तो येतो नंबरवर, तुमच्या हातातल्या फोनवर नव्हे. कुणी मोबाईल कंपनीला गंडवून तुमचा नंबर स्वतःच्या सिमवर घेतला, की तुमच्या फोनची रेंज जाते आणि कोड त्याच्याकडे. ऑगस्ट २०१९मध्ये ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांच्याच अकाउंटवरून भलतेसलते ट्वीट पडले, ते असा नंबर पळवून. (तिथे ओटीपीचा संबंध नव्हता, एसएमएसने ट्वीट करायची सोय वापरली होती. पण नंबर गेला की काय काय जातं, ते कळलं.)

मला जास्त खटकतं ते दुसरंच. एसएमएससाठी नंबर द्यावाच लागतो. सुरक्षेच्या नावाखाली घेतलेले नंबर आणि ईमेल ट्विटरने जाहिरातींसाठी वापरले, म्हणून २०२२मध्ये अमेरिकेत कंपनीला १५ कोटी डॉलर भरावे लागले. कुलपासाठी दिलेला नंबर दुकानदाराच्या वहीत गेला म्हणायचा.

कोडचं अ‍ॅप (ऑथेंटिकेटर) सहसा नंबर मागत नाही. क्यूआर कोड एकदा स्कॅन केला की एक गुप्त किल्ली फोनमध्ये बसते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून साधारण दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड तयार होतो. रेंज नसली, विमानात असलात तरी चालतं. मात्र फोनचं घड्याळ बरंच मागेपुढे असेल, तर बरोबर टाकलेला कोडही नाकारला जातो.

अ‍ॅपचं दुखणं फोन बदलताना कळतं. मी जुना फोन पुसून देऊन टाकला, नव्यावर अ‍ॅप उघडलं, तर आत शुकशुकाट. बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना आत शिरायला आधीच मिळतात ते) होते की! त्यांचा स्क्रीनशॉट जुन्या फोनमध्येच होता. एक अकाउंट सोडवायला शेवटी ओळखपत्राचे फोटो पाठवावे लागले. खासगीपणा जपायला निघालेल्या माणसाची ही कमाई. काही अ‍ॅपमध्ये आता ऑनलाइन बॅकअप मिळतो. तो चालू आहे का, हे आधी बघा.

एसएमएस आणि अ‍ॅप, दोघंही एका ठिकाणी सारखेच हरतात. ‘तुमचं अकाउंट बंद होणार आहे’ अशी लिंक येते. पान हुबेहूब, लोगोसकट. तुम्ही पासवर्ड टाकता, मग ते कोड मागतं, तोही टाकता. पलीकडे तोच कोड त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकला जात असतो.

इथे पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली, उजवी ठरते. बोटाचा ठसा, चेहरा किंवा फोनचा पिन दिला की काम झालं. टाइप करायला कोडच नाही. ती वेबसाइटच्या पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ती पुढे येतच नाही. डोळे फसले तरी ती फसत नाही. ठसा कंपनीकडे जात नाही, फोनमध्येच राहतो. अडचण एवढीच की ही सोय अजून सगळीकडे नाही. व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइडवर ती २०२३मध्ये आणली. शिवाय बऱ्याच ठिकाणी जुना पासवर्ड चालूच राहतो, म्हणजे पुढचं दार पोलादी आणि मागचं फळकुटाचं. पासकी गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून दुसऱ्या फोनवर येत असेल, तर आधी ते खातं पक्कं करा.

तर पासकी मिळत असेल तिथे ती घ्या. नसेल तर अ‍ॅप, आणि माझ्या मते बहुतेकांचा मुक्काम सध्या इथेच. सारखे फोन हरवणाऱ्या किंवा अ‍ॅपला बिचकणाऱ्या घरच्यांना एसएमएसच लावून द्या. काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

अ‍ॅप लावल्यावर एसएमएसचा पर्याय आपोआप बंद होईलच असं नाही, तो स्वतः जाऊन काढा. आणि बॅकअप कोड कागदावर उतरवा. माझे आता पासपोर्टच्या पाकिटात आहेत; वापरलेल्यावर काट मारतो, कारण एक कोड एकदाच चालतो.