आठ महिने वापरून: श्वासाचं यंत्र छान, चिमटा भिकार

काल नाकाचा चिमटा मोडला. श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं हे यंत्र ठणठणीत आहे, पण नाकातून हवा आत गेली तर त्याचा उपयोग शून्य. कंपनीला फोन केला तर म्हणे, "चिमटा सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या." एवढ्याशा प्लास्टिकसाठी अख्खं यंत्र!

बाबांची उजवी बाजू स्ट्रोकने गेली तेव्हा आमचं सगळं लक्ष हातापायाकडे. श्वासाचे स्नायूही दुबळे पडतात, हे फिजिओने सांगितल्यावर कळलं. खोकला इतका पोकळ झाला होता की कफ वर येईना. श्वास आत ओढायच्या ताकदीचं माप आलं 38 (सें.मी. पाण्याचा दाब). त्याच्या साधारण 30 टक्के, म्हणजे 11 वर यंत्राची स्प्रिंग लावून सुरुवात केली. सकाळी 30 श्वास, संध्याकाळी 30.

खरेदीच्या वेळी मी कुरकुरलो होतो. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र घरात पडून आहे, तेच वापरू की! पण त्यात श्वास हळू ओढला की मेहनतही कमी होते. यात ठरलेला दाब गाठल्याशिवाय झडप उघडतच नाही, मग हळू ओढा नाहीतर जोरात. पटलं, घेतलं.

आता चिमटा. ज्याचा एकच हात चालतो, त्याने त्या हातात यंत्र धरायचं की चिमटा लावायचा? नाक घामेजलं की आठव्या-नवव्या श्वासाला तो मांडीवर. आतले फोमचे तुकडे दोन महिन्यांत गळाले. मी कापसाची पट्टी चिकटवून काम भागवलं आणि पैसे वाचवल्याच्या आनंदात राहिलो.

तो आनंद महागात पडला. चौथ्या महिन्यात बाबा 25 वर अगदी सहज ओढायला लागले. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटलो. फिजिओने माप घेतलं तर 41! चार महिन्यांत फक्त तीनने वाढ. सैल चिमट्यामुळे नाकातून आणि उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून हवा आत जात होती, झडप बंदच. ती उघडली की सूं असा आवाज येतो. तो कधीपासून थांबला होता, कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुन्हा 13 पासून सुरुवात.

तेव्हापासून मी ओठाचा कोपरा दोन बोटांनी दाबून धरतो आणि श्वास मोजत नाही, आवाज मोजतो. भरभर ओढलं की चक्कर येते, म्हणून मध्ये थांबतो. लाळ सुकून झडप अडकू नये म्हणून साबणाच्या कोमट पाण्याने धुतो, उकळत नाही. हो, कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा फुप्फुसाभोवती नुकतीच हवा साठली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता माप 60 आहे. चालण्यात मला फारसा फरक दिसत नाही, आणि बाकीचे व्यायामही चालू असल्याने सगळं श्रेय यंत्राला देणार नाही. पण परवा बाबा असे खणखणीत खोकले की शेजारच्या खोलीत मी दचकलो. यंत्राला पाचपैकी चार तारे. चिमट्याला एकही नाही.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. सध्या दिवसातून दोनदा मी एका हाताने बाबांचं नाक आणि दुसऱ्याने ओठ धरून बसतो, आणि तीस सूं होईपर्यंत ते माझ्याकडे डोळे वटारून बघत असतात.