डचच्या 'एर'वरचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा असा, फक्त शेवटचा भाग घाईत उरकलाय

नेदरलँड्समध्ये २०२२ पासून इनबर्खरिंगचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांनी तिथली भाषा आणि समाज शिकून घेण्याचा, नवा कायदा लागू झाला आणि भाषेचं मुख्य टार्गेट ए२ (प्राथमिक पातळी) वरून बी१ (मधली पातळी) वर गेलं, आणि बी१ ची तयारी करताना भलेभले जिथे अडकतात ते म्हणजे एर आणि दार (त्या-), हीर (ह्या-), वार (कशा-, ज्या-) यांना ऑप, आन, फान (आपल्या -वर, -ला, -बद्दल सारखे) जोडून होणारे शब्द. हा रेकॉर्डेड कोर्स फक्त तेवढ्यावरच आहे आणि मला मनापासून आवडला.

सुरुवात एकदम बरोबर जागी केलीय. मित्राची वाट बघताय तर 'इक वाख्ट ऑप हेम', बसची बघताय तर 'इक वाख्ट एरॉप', म्हणजे माणूस आणि वस्तू वेगळे. आपल्याला हे जड जाऊ नये, त्यावर, ह्यावर, कशावर हे आपण रोजच बोलतो की. पण आपलं 'त्यावर' तुटत नाही, डचमधलं तुटतं आणि सगळा गोंधळ तिथेच होतो.

हा तुटण्याचा भाग टीचरने फार सुंदर घेतलाय, एकच वाक्य वाढवत नेलंय. आधी 'इक डेंक एरआन' (मी त्याचा विचार करतो), मग मध्ये फाक म्हणजे बऱ्याचदा घालून 'इक डेंक एर फाक आन', मग भूतकाळ आणि नकार घालून 'इक हेप एर नीट आन खदाख्ट' (मी त्याचा विचार केला नाही), आणि शेवटी ऑमदाट म्हणजे कारण घालून 'ऑमदाट इक एर नीट आन खदाख्ट हेप'. ऑमदाटमुळे हेप हे सहायक क्रियापद पार शेवटी गेलं तरी एर पुढेच राहतं आणि आन खदाख्टच्या आधीच, हे डोळ्यासमोर घडताना दिसतं. जोर द्यायचा असेल तर एर पुढे आणता येत नाही, दार लागतं, आणि मग क्रियापद लगेच दुसऱ्या जागेवर: 'दार वेट इक नीट्स फान' (त्याबद्दल मला काहीच माहीत नाही). वर्ड ऑर्डर आणि हे शब्द एकत्रच शिकवायला हवेत, वेगवेगळे शिकवले की बोलताना काही जुळत नाही.

आता खटकलेलं. मेट (-सोबत, -ने) जोडताना मे होतं आणि टॉटचं (-पर्यंत) टू, म्हणजे एरमे, एरटू, हे फक्त पीडीएफमध्ये एका ओळीत आहे, पहिल्याच व्हिडिओत यायला हवं होतं. 'द स्टूल वार इक ऑप ज़िट' (मी बसलोय ती खुर्ची) टाइपची वाक्यं तर पळवलीच आहेत, माणसासाठी लिहिताना 'ऑप वी' (ज्या माणसावर) पण बोलताना लोक सर्रास वार वापरतात हे सांगितलंच नाही.

ए२ झालं असेल तर नक्की घ्या, अगदी नवीन असाल तर आधी क्रियापद आणि त्याचं ऑप-आन जोडीने पाठ करा, वाख्टन ऑप, डेंकन आन असं.