गेटवरचं यंत्र की सुपरवायझरची नजर?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामावरची नशा रोखायचा विषय निघाला की दोन मतं पडतात: गेटवर फुंकायचं यंत्र ठेवा, नाहीतर सुपरवायझरला नशा करणारा माणूस ओळखायला शिकवा.

यंत्र झटपट, आणि साहेब असो की हेल्पर, सगळ्यांना सारखं. पण ते फक्त दारू पकडतं. गांजा किंवा झोपेच्या गोळ्या त्याला कळत नाहीत. नुकत्याच माउथवॉशने चुळा भरल्या असल्या तरी आकडा चढतो, म्हणून १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावावं.

सुपरवायझरला वेगळंच दिसतं. सोमवारच्या दांड्या, सारखी उचल, प्रेसवर थरथरणारे हात. (साखर उतरली तरी हात थरथरतात. आजाराचं निदान सुपरवायझरने करू नये; मशीनवरून बाजूला घ्यावं, डॉक्टरकडे पाठवावं.)

त्यात गुजरातेत दारूबंदी. पिणं हाच गुन्हा, म्हणून बडोद्यातला कामगार 'सुटत नाही हो' म्हणायलाही घाबरतो. नुसतं यंत्र ठेवलं तर प्यायलेल्या दिवशी तो कामावर फिरकणारच नाही.

मी क्रेन, फोर्कलिफ्ट आणि बॉयलरवाल्यांना यंत्र लावेन. बाकीच्यांसाठी नजरच बरी. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर हजेरीच्या मशीनशेजारी चिकटवायला कागदाएवढाच खर्च येतो.