टाक्या निघाल्या, मग माती तपासून घेतली: आमचा अनुभव

आमच्या पेट्रोल पंपाच्या दोन जुन्या भूमिगत टाक्या उपसल्या तेव्हा मला वाटलं, खड्डा बुजवला की सुटलो. पत्रा ठणठणीत होता, कुठे भोक नाही. पण तपासणीला आलेल्या बाई टाक्यांपाशी फार रेंगाळल्याच नाहीत. थेट पाइपांच्या सांध्यांकडे आणि डिस्पेन्सरखालच्या (गाडीत इंधन भरायच्या यंत्राखालच्या) मातीकडे वळल्या. "गळती बऱ्याचदा इथेच सापडते," म्हणाल्या. आणि खरंच, तिथे राखाडी-हिरवट माती निघाली. वास विचारू नका!

त्यांचं काम बघण्यासारखं. वरची सुकलेली माती खरवडायची, आतली ताजी काचेच्या बरणीत काठोकाठ दाबायची, झाकण लावून लगेच बर्फाच्या पेटीत, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. पेट्रोलमधलं बेन्झीन पटकन उडतं. बरणीत हवा राहिली तर आकडा उगाच कमी येतो. थोडी माती पिशवीत बंद करून तिची वाफ हातातल्या यंत्राने मोजली, त्यावरून कुठले नमुने लॅबला धाडायचे ते ठरवलं. डिझेलच्या बाजूला मात्र यंत्रावर विसंबल्या नाहीत, कारण डिझेलची वाफ कमी. तिथले नमुने सरळ लॅबलाच.

तक्रार एकच, पण मोठी. भूजल तपासायला वेगळं बोअर घ्यावं लागेल हे अहवालात शेवटच्या पानावर कळलं. खड्ड्याच्या तळाशी पाणी आणि त्यावर इंद्रधनुषी तवंग पहिल्याच दिवशी दिसला होता की! तेव्हाच सांगितलं असतं तर खोदाईचं यंत्र दुसऱ्यांदा बोलवावं लागलं नसतं. पाचपैकी चार तारे.