कार्बन कर, परवान्यांचा बाजार की अनुदान : बाजू घेण्याआधी काय पाहावं?

विकासाला खीळ न बसता कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन कसं घटवायचं, या प्रश्नावर तीन धोरणं पुन्हापुन्हा पुढे येतात. प्रदूषणावर कर लावा, एकूण मर्यादा ठरवून तेवढ्याच उत्सर्जनाच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उभा करा, किंवा स्वच्छ पर्यायाला सरकारी पैसा द्या. तुम्हाला यांपैकी एकाची बाजू घ्यायची असेल, तर आधी एवढंच विचारा : पैसा कुणाच्या खिशातून निघतो आणि शेवटी कुणाकडे जातो? उत्सर्जन किती टनांनी घटेल हा हिशेब त्यानंतर. लोकांनी उलथवलेल्या धोरणातून फार काही घटत नाही. ऑस्ट्रेलियाने जुलै २०१२ मध्ये कार्बनला दर लावला आणि दोनच वर्षांत तो कायदा रद्द केला.

कराची ताकद त्याच्या साधेपणात आहे. तेल, कोळसा, वायू देशात जिथून शिरतात किंवा जिथे शुद्ध होतात, अशा मोजक्या ठिकाणी वसुली करता येते. नवी यंत्रणा फारशी लागत नाही आणि पुढच्या वर्षी दर काय असेल हे कारखानदाराला आधीच कळतं. स्वीडनने १९९१ मध्ये टनामागे सुमारे २५० क्रोनरपासून सुरुवात केली आणि दर टप्प्याटप्प्याने हजाराच्या पुढे नेला. त्याच सुमारास आयकरही कमी केला. १९९० च्या तुलनेत तिथलं उत्सर्जन साधारण एक तृतीयांश घटलं आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. पण हे उदाहरण देताना दोन गोष्टी सहसा गाळल्या जातात. एक, स्वीडनकडे जलविद्युत आणि अणुवीज आधीपासूनच होती. दोन, तिथल्या उद्योगांना कितीतरी वर्षं सवलतीचा दर होता. म्हणजे पूर्ण भार सुरुवातीला घरांवर आणि वाहनांवर पडला.

परवान्यांच्या बाजारात उलटं असतं. उत्सर्जन किती होणार हे ठरलेलं, किंमत मात्र हलती. युरोपीय संघातला सिमेंट कारखाना घ्या. वर्षभरात जितके टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला तितके परवाने त्याला सरकारजमा करावे लागतात. कमी पडले तर टनामागे १०० युरोंहून जास्त दंड, आणि न भरलेले परवाने तरीही द्यावेच लागतात. आता अडचण अशी, की सिमेंटचं निम्म्याहून अधिक उत्सर्जन इंधनातून नव्हे, तर भट्टीत चुनखडी फुटताना खुद्द त्या दगडातूनच होतं. भट्टीचं इंधन बदललं तरी ते तसंच राहतं. अशा उद्योगाला नुसती किंमत वाढवून बदलता येत नाही, नवं तंत्रज्ञान हाती द्यावं लागतं.

शिवाय हा बाजार सांभाळायला कसलेले नियंत्रक लागतात. युरोपने २००५ मध्ये सुरुवात करताना इतके फुकट परवाने वाटले, की २००७ मध्ये त्यांची किंमत जवळपास शून्यावर आली. २०१३ मध्येही ती पाच युरोंच्या आसपास रेंगाळत होती. जादा परवाने काढून घेण्याची व्यवस्था २०१९ मध्ये लागू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० युरोंवर गेला. मोजणी, पडताळणी, लिलाव, दंड हे सगळं ज्या देशात अजून उभं राहायचं आहे, त्याला इतकी वर्षं चुका करत बसणं परवडणार नाही.

अनुदान लोकांना सगळ्यात गोड लागतं, कारण त्याचं बिल लगेच दिसत नाही. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौरवीज उत्पादकांना वीस वर्षं ठरावीक दराची हमी दिली. त्या मागणीमुळे कारखाने वाढले, सौर पॅनेल जगभर स्वस्त होत गेली, आणि ज्यांनी एक छदामही दिला नव्हता अशा देशांनाही त्याचा लाभ झाला. मानवजातीवरचा हा मोठा उपकार आहे असं मी मानतो. पण त्याची किंमत मोजली जर्मन कुटुंबांनी. त्यांच्या वीजबिलात युनिटमागे सहा सेंटहून जास्त अधिभार होता, तर वीज जास्त खाणाऱ्या मोठ्या उद्योगांना त्यात भरघोस सूट होती. हा अधिभार जुलै २०२२ मध्ये संपला. कर्जाच्या हप्त्यांनीच वाकलेल्या तिजोरीला ही वाट झेपणारी नाही.

या तिन्हींखेरीज थेट बंदीचाही मार्ग सुचवला जातो, पण ती फक्त तिथेच चालते जिथे पर्याय तयार असतो आणि उत्पादक मोजके असतात. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांवरचा १९८७ चा माँट्रियल करार त्यामुळेच यशस्वी झाला, आणि विकसनशील देशांसाठी वेगळा निधी उभारल्यामुळेही.

माझं मत विचाराल तर बहुतेक विकसनशील देशांनी करापासून सुरुवात करावी. बाहेरूनही तसा रेटा आहे. १ जानेवारी २०२६ पासून युरोपात जाणाऱ्या पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं अशा मालावर कार्बनचा सीमाभार लागू झाला आहे. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. घरी काहीच घेतलं नाही, तर तोच पैसा युरोपच्या तिजोरीत जमा होणार.

मात्र नुसता कर लावून भागत नाही. फ्रान्समध्ये २०१८ च्या अखेरीस इंधनकराची वाढ लोकांनी रस्त्यावर उतरून थांबवली, कारण परत काय मिळणार हे कुणाला दिसत नव्हतं. कॅनडाच्या संघ सरकारने तर परतावा थेट खात्यांत जमा केला, तरीही एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा कर शून्यावर आणावा लागला. स्वित्झर्लंड वसुलीचा साधारण दोन तृतीयांश भाग नागरिकांना आणि उद्योगांना परत देतो. नागरिकांचा वाटा माणशी सारखा असतो आणि तो आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होतो. बँका अजून सगळ्यांपर्यंत पोचलेल्या नाहीत अशा देशात ही रक्कम रेशन, बसभाडं किंवा वीजबिलातून द्यावी लागेल. दरवाढीचं वेळापत्रक कायद्यातच लिहिलेलं असावं, आणि पहिला परतावा पहिल्या वाढीच्या आधी घराघरांत पोचलेला असावा.