स्मृतिवहीचा संच, दहा महिन्यांनंतर: छायाचित्रे उडाली, पेन्सिल टिकली

प्रश्नवही, पारदर्शक कप्प्यांचा अल्बम, ठेवींची पेटी आणि तळहातावर मावणारा थर्मल प्रिंटर असा मुलांच्या आठवणी जपण्यासाठीचा संच आम्ही दहा महिने वापरत आहोत. प्रिंटरवर फोनमधली छायाचित्रे छापून अल्बमच्या कप्प्यांत घालायची, वहीतल्या प्रश्नांची उत्तरे मुलांनी लिहायची आणि बाकीच्या ठेवी पेटीत जपायच्या, अशी त्याची कल्पना. पहिल्या दोन महिन्यांनंतर मी या संचाची मनापासून स्तुती केली होती. ती वाचून कुणी तो घेतला असेल, तर त्यांना पुढची हकीकत सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

गेल्या महिन्यात मुलीने अल्बम उघडला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवून विचारले, “आई, इथे काय होतं?” तिथे समोरचा दात पडलेल्या दिवशीचे तिचे हसणे होते. आता कप्प्यात पिवळसर पांढरा कागद होता आणि त्यावर हनुवटीपुरती एक करडी सावली शिल्लक होती. खाली कागदाच्या पट्टीवर तिने पेन्सिलीने लिहिलेली ओळ मात्र जशीच्या तशी होती: “आज दात पडला. रक्त आलं पण मी रडले नाही.” आम्ही पुढची पाने उलटली. सेहेचाळीस छायाचित्रांपैकी जवळजवळ सगळीच उडत चालली होती.

थर्मल कागदावर शाई नसते. कागदाच्या लेपातच रंगहीन रंजक आणि त्याला रंग आणणारे रसायन असते, आणि प्रिंटरच्या उष्णतेने ती दोन्ही एकत्र आली की काळी खूण उमटते. दुकानाच्या पावतीचा कागद तो हाच. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी ही खूण फिकी होते, एवढे मला घेतानाच माहीत होते, म्हणून अल्बम मी पहिल्या दिवसापासून बंद कपाटात ठेवला होता. मला माहीत नव्हते ते कप्प्यांविषयी. मऊ पीव्हीसी हे कप्प्यांसाठी वापरले जाणारे एक प्लॅस्टिक. ते लवचीक राहावे म्हणून त्यात जी द्रव्ये मिसळतात, ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि थर्मल कागदाला लागली की अक्षरे व चित्रे पुसून टाकतात. नव्या अल्बमला येणारा प्लॅस्टिकचा उग्र वास मी नवेपणाचा समजले होते. आता तसा वास आला की मी ती वस्तू हातची खाली ठेवते.

ग्राहक सेवेने पहिल्या दोन पत्रांना “कृपया थेट सूर्यप्रकाश टाळावा” एवढेच उत्तर दिले. तेव्हा मी एकाच गुंडाळीवर एकाच दिवशी तेच चित्र दोनदा छापले, एक प्रत अल्बमच्या कप्प्यात घातली, दुसरी साध्या कागदी लिफाफ्यात, आणि दोन्ही त्याच कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या. सहा आठवड्यांनी लिफाफ्यातली प्रत जशी होती तशीच होती. कप्प्यातल्या चित्राच्या कडा विरल्या होत्या. दोन्हींचे फोटो पाठवल्यावर कप्पे पीव्हीसीचे असल्याचे त्यांनी मान्य केले आणि भरपाई म्हणून थर्मल कागदाच्या आणखी चार गुंडाळ्या देऊ केल्या. त्या मी नाकारल्या. जो कागद आणि जे कप्पे एकत्र नांदू शकत नाहीत, ते एकाच खोक्यात घालून ‘आयुष्यभराची ठेव’ म्हणून विकणे चूक आहे, आणि ती चूक कागद वाढवून दुरुस्त होत नाही.

माझी चूकही सांगते. कागदावर प्रत आहे या भरवशावर मी फोनमधली मूळ छायाचित्रे वेळोवेळी काढून टाकत गेले. शोधाशोध करून पस्तीस मिळाली, अकरा कायमची गेली.

प्रश्नवहीविषयी माझे मत दोनदा बदलले. आरंभी ती फार आवडली, मग आवडता रंग, आवडता प्राणी असे प्रश्न वाचून ती निरर्थक वाटली. शिवाय सगळे प्रश्न मुलग्याला उद्देशून आहेत. पण “आज कुणाशी भांडलास?” या प्रश्नातला ‘ला’ खोडून मुलीने “भांडलीस” केले आणि खाली दीड पान लिहिले, त्या दिवसापासून मी या वहीला नावे ठेवणे थांबवले. पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन वर्षांचे असताना आईशी बोललेल्या प्रसंगांपैकी ६० टक्के किंवा त्याहून अधिक प्रसंग ५ ते ७ वर्षांच्या मुलांना आठवत होते, तर ८-९ वर्षांच्या मुलांना ४० टक्क्यांहूनही कमी. माझी मुलगी आता आठ वर्षांची आहे. तिच्या शब्दांत जे आज कागदावर उतरेल, त्याचे मोल मला त्या आकड्यांमुळे अधिक कळले. वहीचा कागद आम्लविरहित आहे, हे पाकिटावर छापलेले आहे आणि दहा महिन्यांत तो पिवळा पडलेला नाही. टिकाऊ कागदासाठीच्या आयएसओ ९७०६ या मानकाचा उल्लेख मात्र कुठेही नाही. पेटी ठीक आहे. तिच्यातले रबरबँड आणि टाचण्या मी पहिल्याच आठवड्यात काढल्या, कारण रबर चिकट होऊन कागदाला धरते आणि टाचणी गंजते.

आता पस्तीस छायाचित्रे रंगद्रव्याच्या, म्हणजे बारीक रंगकणांच्या, शाईने साध्या प्रिंटरवर छापून पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे तशी झिरपणारी द्रव्ये नसलेल्या प्लॅस्टिकच्या, कप्प्यांत ठेवली आहेत आणि मूळ फाइली दोन ठिकाणी जपल्या आहेत. मुलीला मी शाईपेनाऐवजी पेन्सिलच देते, कारण ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, आणि तो उजेडाने उडत नाही. संचापैकी वही आणि पेटी घेण्याजोगी आहेत, वेगवेगळी विकत मिळाली तर. अल्बम आणि प्रिंटर यांच्यासाठी मी पुन्हा पैसे देणार नाही.

हरवलेल्या अकरांपैकी सात छायाचित्रांच्या जागी मुलीने आठवेल तसे चित्र काढून खाली काय घडले ते लिहिले आहे. उरलेल्या चारांत काय होते, ते तिलाही आठवत नाही आणि मलाही नाही.