काकेइबोची वही आणि यूपीआय लाइट: गणपतीपासून आजपर्यंत

पद्धत जपानी. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी घरखर्चाची वही काढली, ती काकेइबो. ठरलेले खर्च वजा करायचे, शिलकीची रक्कम आधीच बाजूला काढायची आणि उरलेल्यातला एकेक खर्च हाताने लिहायचा. रकाने चार: गरज, हौस, सांस्कृतिक, अचानक. मी छापील वही न घेता साधी लाल चोपडी आणली, रकाने स्वतः आखले.

शिवाजी मंदिरचं नाटक आणि दिवाळी अंक निमूटपणे 'सांस्कृतिक'मध्ये गेले. अडलं ते वर्गणीपाशी. सोसायटीच्या गणपतीची वर्गणी ही गरज की हौस? बारशाचं पाकीट, मुंजीचा आहेर, ऑफिसमधल्या कुणाचा तरी निरोप समारंभ? शेवटी 'लोकाचार' असा पाचवा रकाना आखला आणि काही महिने तोच सगळ्यात लांब निघाला. त्यात कपात करायची माझी छाती नाही. पण आता लग्नसराईचे पैसे आधीच वेगळे ठेवते. एसी लोकलचं तिकीटही असंच. खिशात सेकंड क्लासचा पास असताना ते काढणं जानेवारीत हौस. मे महिन्यात मी बिनदिक्कत गरजेत लिहिते.

खरी गळती क्यूआर कोडवर. कटिंग, शेअर रिक्षा, कोथिंबिरीची जुडी यांतलं रात्री लिहायला बसल्यावर काही आठवत नाही. म्हणून किरकोळ खर्च यूपीआय लाइटवर, म्हणजे यूपीआय ॲपमधल्याच छोट्या पाकिटावर नेला. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि १,००० पर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. पिन नाही म्हणजे हात सैल सुटणार, ही भीती खरी आहे. पण मी रविवारी आठवड्यापुरतेच पैसे भरते आणि ऑटो टॉप-अप बंद ठेवलाय. गुरुवारीच खडखडाट झाला की समजायचं. मात्र पासबुकात फक्त भरणा दिसतो, एकेक खर्च नाही. तो यूपीआय ॲपच्या हिस्टरीतून वहीत उतरवावा लागतो. एसएमएस वाचून हिशोब मांडणारं एक ॲपही वापरून पाहिलं होतं. त्याला हे खर्च दिसायचेच नाहीत, उलट माझ्याच दुसऱ्या खात्यात टाकलेले पैसे ते खर्चात धरायचं. काढून टाकलं.

ऑटोपेचं, म्हणजे दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं, सोपं निघालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. ती आली की वहीत बघते, महिनाभरात त्या ओटीटीवर काही पाहिलं का? नसेल तर मँडेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, तिथल्या तिथे रद्द.

क्रेडिट कार्डाची थकबाकी चढलेली असेल तर ती आधी फेडा; व्याज चालू असताना कोथिंबिरीचे दहा रुपये लिहून काही हाती लागत नाही.

एक त्रुटी मात्र कायम आहे. वही मी एकटीच लिहिते. आमचे अहो महिनाअखेरीस एक गोल आकडा सांगतात आणि तपशील विचारला की गॅलरीत जातात. तो आकडा मी 'अचानक'मध्ये टाकते.